घोंगडे गिरकी

‘रानवीज’ या खेळात स्वतःचं असं काहीही नव्हतं, आणि ही गोष्ट तो बनवणारी कंपनी अभिमानानं सांगत असे. कड्यावर चढायची पद्धत एका खेळातून घेतलेली, दोराला लोंबकळून दरी ओलांडायची दुसऱ्यातून. घोडा तिसऱ्यातला. शत्रूच्या मागून दबकत जाऊन त्याचं तोंड दाबायची कला चौथ्यातली, आणि मनोऱ्यावर चढलं की नकाशा उलगडतो ती युक्ती तर इतक्या खेळांत होती, की ती आपली आहे हे तिच्या मूळ मालकालाही आठवत नसावं. गेल्या पन्नास वर्षांत जगात जेवढे साहसी खेळ निघाले तेवढे सगळे एका यंत्राला खाऊ घातले होते, आणि यंत्रानं जी ढेकर दिली तिचं नाव रानवीज. नायिकेचंही नाव रानवीजच. तिला आईवडील नव्हते; ते ज्या खेळातून आणायचे होते त्याच्या मालकांनी नकार दिला होता.

इथवर ठीक होतं. पण घेता घेता घेण्यासारखे खेळ संपले. यंत्राची भूक काही संपली नव्हती. तेव्हा कंपनीनं त्याला मैदानांकडे वळवलं. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खो-खो. लोकांनी हौसेनं इंटरनेटवर चढवून ठेवलेली जुनी चित्रणं फुकट पडून होती. यंत्र त्यांतून माणूस उचलत नसे. माणसाचे त्रास फार असतात. ते फक्त हालचाल उचलायचं: सांधा कुठं वळला, वजन कुठल्या पायावर गेलं, हात कधी टेकला. मग ती हालचाल रानवीजच्या अंगात घालायचं.

अशा रीतीनं २०४० सालच्या एका शनिवारी दुपारी वैजयंता घोंगडे, वय त्रेसष्ट, निवृत्त हेड बुकिंग क्लार्क, यांनी कुर्डुवाडीतल्या स्वतःच्या घरी टीव्हीवर स्वतःला चामड्याची चोळी घालून एका राक्षसाला चकवताना पाहिलं.

“मावशीआजी, बघ बघ! आता खांबापाशी जाते बघ,” ईश्वरी म्हणाली. ईश्वरी म्हणजे वैजयंताच्या धाकट्या बहिणीची नात. आईवडील नोकरीला सुरतेत. पोरगी खो-खोसाठी इथं. पंधरा वर्षांची, आणि जिल्ह्यातली सगळ्यांत चपळ.

रानवीज खांबाकडे धावली. राक्षसानं मागून सूर मारला. शेवटच्या क्षणी तिचा डावा गुडघा आत वळला, अंग कोसळलं, उजवा तळहात मातीला टेकला, आणि राक्षस तिच्यावरून उडत जाऊन खांबावर आपटला. ती उजव्या पायावर उठली आणि पसार झाली. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: ‘गिरकी! परिपूर्ण!’

वैजयंता मेथी निवडत होती. काडी हातात तशीच राहिली.

“परत दाखव.”

“आवडली ना? अगं, तुझीच आहे ती! घोंगडे गिरकी! मंडळाच्या भिंतीवरची!”

“परत दाखव म्हणते ना.”

“त्यात काय दाखवायचंय? मला येतीय की आता.”

असं म्हणून ईश्वरी सोफ्यापासून दाराच्या चौकटीकडे तीन ढांगांत धावली आणि फरशीवर तिनं तीच गिरकी मारली. गुडघा आत, तळहात खाली, उजव्या पायावर वर. निर्दोष.

वैजयंताच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. तिकीट खिडकीवर तीस वर्षं बसूनही ती तिनं कधी प्रवाशाला दिली नव्हती.

“काढ ते पट्टे पायातले. आत्ताच्या आत्ता काढ!”

पट्ट्यांची गोष्ट अशी. रानवीज नुसत्या बोटांनी खेळायचा खेळ नव्हता. पोटरी, मांडी आणि कंबर यांना मोज्यासारखे घट्ट पट्टे चढवायचे. पट्ट्यांच्या आत धातूचे शेकडो बारीक ठिपके. पडद्यावरची रानवीज ज्या क्रमानं स्नायू आवळते त्याच क्रमानं हे ठिपके खेळणाऱ्याच्या स्नायूंना मुंगी चावल्यासारखा झटका देतात. एकदा दिला तर गुदगुल्या. हजार वेळा दिला की मेंदू तो क्रम पाठ करतो, सायकल चालवण्यासारखा; मग पट्टे नसले तरी अंग ते करतं. ‘खेळता खेळता खेळाडू व्हा’ अशी जाहिरात होती आणि ती खोटी नव्हती. जो सूर शिकायला पूर्वी दोन वर्षं लागत तो कुर्डुवाडीच्या मुली दोन महिन्यांत शिकल्या होत्या.

गिरकीच्या बाबतीत मात्र यंत्राला एक अडचण आली. माणसाचा गुडघा भलतीकडे वळायला लागला की मांडीच्या मागचे स्नायू मेंदूला न विचारता आवळतात आणि गुडघा धरून ठेवतात. हा शरीराचा ब्रेक. गुडघ्याच्या आत फुलीसारखे दोन दोर असतात, त्यांना तो वाचवतो. गिरकी शिकवताना हा ब्रेक दर वेळी आडवा येऊ लागला. यंत्रानं त्याची नोंद ‘अडथळा’ अशी केली, आणि नेमक्या त्या क्षणी उलटा झटका देऊन ब्रेक सैल सोडायला अंगाला शिकवलं. या कामाबद्दल यंत्र बनवणाऱ्यांना एक पारितोषिकही मिळालं.

आता गिरकीची गोष्ट. कुर्डुवाडीत ती एक्केचाळीस वर्षं कोणालाही जमली नव्हती. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वैजयंतानं ती मारली आणि चषक आणला. उदयकाल व्यायाम मंडळाच्या भिंतीवर तिचं दहा फुटी चित्र होतं. मुलींच्या चार पिढ्या त्या चित्रासमोर गिरकी मारायला गेल्या आणि दाणकन बसल्या. “ती घोंगडेबाईंचीच. देवाची देणगी लागते,” असं सगळे म्हणत.

ती कोणाला जमत नव्हती, कारण ती गिरकी नव्हतीच. उपांत्य सामन्यात वैजयंताचा गुडघा मुरगळून भोपळ्याएवढा सुजला होता. तिला खो-खो शिकवणाऱ्या शेंडगे गुरुजींनी त्यावर सुती पट्टी आवळली, दोन गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.” दुसऱ्या दिवशी खांबापाशी आतला उरलासुरला दोर तुटला आणि ती पडली. पाठलाग करणारी पोरगी तिच्यावरून उडून गेली. वैजयंता शाबूत पायावर उठली, रांगेत बसलेल्या दोघींच्या मधून लंगडत निघाली, तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी झाली. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. ते सोयीचंच झालं. तिला चालता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अद्‌भुत गिरकी’ असा मथळा आला. वैजयंता बावीस वर्षांची होती. तिनं मथळा वाचला आणि ती गप्प बसली. त्या कात्रणावर रेल्वेत नोकरी लागली, सत्कार झाले, पुढं ती मंडळाची प्रशिक्षक झाली. लंगडण्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायची, “वय झालं आता.” वय बाविसाव्या वर्षीच कसं झालं, हे कोणी विचारलं नाही.

*

कंपनीच्या तक्रार अर्जात दोन रकाने होते: ‘ही हालचाल घातक आहे’ आणि ‘ही हालचाल माझी आहे’. पहिल्यावर बोट ठेवलं की प्रश्न यायचा, हालचाल आपली आहे का? नाही म्हटलं तर तक्रारीचा हक्क नाही. हो म्हटलं तर दुसऱ्या रकान्यात रवानगी, आणि तिथं अभिनंदनाचं पत्र. पत्राखाली सही करायची, की हे माझं कौशल्य असून ते जगाला देताना मला आनंद होत आहे.

वैजयंतानं हा फेरा चार वेळा घेतला. पाचव्या वेळी तिनं एसटी धरली आणि पुण्याला कंपनीच्या दारात जाऊन बसली. तीन तासांनी तिला भेटायला निषाद केळुसकर नावाचा एक हसतमुख तरुण आला. त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर हुद्दा लिहिला होता: अनुभव-सखा.

“मॅडम, मी तुमचा फॅन आहे,” तो म्हणाला. “सेल्फी घेऊ?”

“आधी ऐकून घे. ती गिरकी काढून टाका.”

“मॅडम, काही गैरसमज होतोय. आम्ही चोरत नाही. आम्ही प्रेरणा घेतो. त्याचा स्वतंत्र विभाग आहे आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर.”

“चोरा रे, हवं ते चोरा. पण ती गिरकी नाही. मी पडले होते.”

“किती विनम्र आहात!”

“माझा गुडघा मोडला तिथं!”

निषादनं हातातल्या काचेच्या पाटीवर काहीतरी पाहिलं. “ही हालचाल आजवर एक्क्याण्णव कोटी वेळा झालीय. एकही इजा नाही.”

“कुणी केली एक्क्याण्णव कोटी वेळा?”

“रानवीजनं.”

“तिला गुडघा आहे का?”

त्यानं या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. “तांत्रिकदृष्ट्या नाही.”

“मग करमाळ्याची पोरगी? बार्शीची? दोघींचे गुडघे या महिन्यात गेले. मी दवाखान्यात जाऊन बघून आले. दोघी तुमचा खेळ खेळतात.”

“दोघी भातही खात असतील, मॅडम,” तो मायेनं म्हणाला. “म्हणजे, सांख्यिकीच्या दृष्टीनं सांगतोय.”

वैजयंतानं टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत ठेवली. निषादला वाटलं, त्यांना तहान नव्हती.

“हे बघा,” त्यानं समजावलं, “यंत्र काय पाहतं? पाठलाग करणारी चुकली का? चुकली. पळणारी वाचली का? वाचली. म्हणजे कौशल्य. आणि इजा असेल तर ते आवाजावरून ओळखतं. किंकाळी ऐकू आली की हालचाल आपोआप बाद. आमची सुरक्षा फार कडक असते.”

“मी ओरडले होते की! बोंब मारली होती मी!”

“चित्रफितीत तसं काही नाही.”

त्यानं पाटी तिच्यासमोर धरली. मंडळाच्या चिटणीसानं मोठ्या कौतुकानं इंटरनेटवर चढवलेली ती जुनी फीत. चारी कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मधोमध बावीस वर्षांची वैजयंता खांबाकडे धावत होती. तिचं तोंड उघडलं, सताड उघडलं, आणि त्यातून सनई ऐकू आली.

“सनई आहे,” निषाद म्हणाला. “यंत्रानं ‘आनंद’ अशी नोंद केलीय.”

*

ते चित्रण करणारे फुलारी अजून होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, माढ्याला, लेकाच्या मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत.

“मॅच कसली हो, मी लग्नाचा माणूस,” ते म्हणाले. “तुमच्या गुरुजींनी बोलावलं म्हणून आलो.”

“माझा आवाज का काढलात, काका?”

“गुरुजीच म्हणाले, सत्काराला दाखवायचीय, पोरीचं केकाटणं बरं नाही दिसत. काहीतरी मंगल टाक. माझ्याकडं मंगल एकच होतं.”

“मूळ कॅसेट असेल का?”

फुलारींनी काहीही फेकलेलं नव्हतं. अर्ध्या तासानं कॅसेट सापडली. तिच्यावरचं ‘खो-खो फायनल’ खोडून खाली ‘चि. संकेत, जावळ’ असं लिहिलं होतं. त्यांनी ती मशीनमध्ये घातली. दोघं शेजारी बसून बघू लागले. एका गुटगुटीत बाळाचे केस उतरत होते आणि बाळ आकाशपाताळ एक करत होतं. वैजयंतानं शेवटपर्यंत पाहिलं. जावळ संपलं की पंगत होती. पंगत संपली की कॅसेट संपली.

“तेव्हा कॅसेटी परवडायच्या नाहीत,” फुलारी ओशाळून म्हणाले. “एकीवरच तीन-तीन कार्यक्रम काढायचो.”

“याचं रडणं बरं ठेवलंत.”

“जावळात पोरगं रडलेलं चांगलं असतंय.”

एसटीत बसल्यावर वैजयंताच्या रागाला धरबंध उरला नाही. ती मनातल्या मनात एकेकाला उभं करून झापत होती. गुरुजी मेलेले, तरी त्यांना सोडलं नाही. फुलारी झाले. केळुसकरला तर अर्धी वाट सरेपर्यंत झापलं. मग पेपर वाचून गप्प बसलेली एक बावीस वर्षांची पोरगी समोर आली. तिला काय बोलायचं ते कुर्डुवाडीचा स्टँड आला तरी सुचलं नाही.

*

जिल्ह्याचा अंतिम सामना रविवारी होता, सांगोल्याविरुद्ध. तिथूनच राज्याच्या संघाची निवड व्हायची, आणि ईश्वरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. गुरुवारी दुपारी वैजयंतानं तिला एकटीला मैदानावर नेलं, खांबाजवळ उभं केलं आणि सगळं सांगितलं.

ईश्वरीनं खांबावरून हात फिरवला. मग म्हणाली, “म्हणजे तू पडली होतीस.”

“हो.”

“आणि भिंतीवर जे काढलंय, ते पडल्याचं चित्र आहे.”

“हो.”

“दर दसऱ्याला आम्ही हार घालतो त्याला!”

“ते राहू दे आता. रविवारी गिरकी मारायची नाही. तुझा गुडघा शाबूत आहे तोवर शहाणी हो.”

“नाही मारत! बास? मला बाकी काय येत नाही का?”

“मग पळून दाखव. खांबापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. साधं.”

ईश्वरी पळाली. खांबापाशी तिचा डावा गुडघा आत वळला आणि तळहात मातीला टेकला.

“मारू नको म्हटलं ना!”

“चुकून झालं. थांब.”

ती पुन्हा पळाली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती दात-ओठ खाऊन पळाली, चौथ्या वेळी हळू पळाली. दहा वेळांत आठदा अंग आपोआप खाली गेलं. दहाव्या वेळी ती तिथंच मातीत बसली. तिचा चेहरा उतरला होता.

“मावशीआजी, मी नाही करत आहे,” ती म्हणाली. “ते होतंय.”

वैजयंता तिच्याशेजारी बसायला वाकली, पण गुडघ्यानं बसू दिलं नाही. ती उभीच राहिली.

“रविवारी तू खेळणार नाहीस.”

“मी खेळणार! आत्तापर्यंत कुठं काय झालंय मला? राज्याची निवड आहे! तू पडून चषक आणलास आणि मी नीट असून घरी बसू?”

*

उदयकाल मंडळाचे अध्यक्ष दत्तोबा खरात यांनी सामन्याला प्रायोजक मिळवला होता. प्रायोजकाचं नाव होतं रानवीज. खांबांना सोनेरी कागद गुंडाळला होता आणि मैदानाच्या कडेला सामना दाखवून त्यावर शेरे मारणारा मोठा पडदा लावला होता.

“बाई, ईश्वरी यादीत दिसत नाही,” खरात सकाळी घाईघाईनं आले. “लोक तिची गिरकी बघायला आलेत!”

“म्हणूनच नाही.”

“घाला नाव. मी अध्यक्ष म्हणून सांगतोय.”

“यादी देऊन झाली पंचांकडं. एकदा दिली की बदलत नाही. नियम वाचा कधीतरी.”

खरातांनी नियम कधीच वाचले नव्हते, त्यामुळे त्यांना वाद घालता आला नाही.

मग वैजयंता सांगोल्याच्या प्रशिक्षकाकडं गेली. त्यांच्या संघातली प्रांजल वाघमोडे गिरकी मारते, हे तिनं ऐकलं होतं. “सर, तुमच्या त्या पोरीला आज बसवा. गुडघा जाईल तिचा.”

सर हसले. “छान. तुमची नाही खेळत म्हणून आमची पण बसवू? बाई, आम्हीपण तीस वर्षं मैदानावरच हाय.”

सामन्याआधी कंपनीच्या निवेदकानं वैजयंताला पडद्यासमोर बोलावलं. “साक्षात गिरकीची आई आज आपल्यात आहे! दोन शब्द, आजी!”

वैजयंतानं माइक हातात घेतला. समोर हजार-बाराशे माणसं.

“मी पडले होते,” ती म्हणाली. “गिरकी-बिरकी काही नाही. गुडघा मोडला आणि मी पडले. एक्केचाळीस वर्षं मी खोटं बोलले. तुमच्या पोरींना यंत्र जे शिकवतंय ते माझं पडणं आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढी मोठी खेळाडू आणि एवढा साधेपणा, लोकांना गहिवरून आलं.

“टाळ्या काय वाजवताय, गाढवांनो!” वैजयंता ओरडली. “पट्टे काढा पोरींच्या पायातले!”

टाळ्या वाढल्या. निवेदकानं हळूच माइक काढून घेतला आणि म्हणाला, “आहे की नाही अजून तोच जोश?”

ईश्वरी दोरीच्या पलीकडं, घरच्या कपड्यांत, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. तीन दिवसांत ती मावशीआजीशी एक अक्षर बोलली नव्हती.

दुसऱ्या डावात सांगोल्याची प्रांजल पळायला आली. कुर्डुवाडीच्या मुलीनं तिला खांबापर्यंत रेटलं आणि सूर मारला. प्रांजलचा डावा गुडघा आत वळला, अंग कोसळलं, तळहात टेकला. वाळकी काटकी मोडावी तसा एक आवाज झाला. पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली: ‘गिरकी! परिपूर्ण!’ आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

प्रांजल ओरडत होती. टाळ्या थांबायला वेळ लागला. पुढच्या रांगा आधी गप्प झाल्या, मग मधल्या. मागचे तर शिट्ट्या मारत होते.

सगळ्यांत आधी दोरीखालून ईश्वरी आत धावली. तिच्यामागून वैजयंता लंगडत. तिनं पोरीचा पाय दोन्ही हातांनी धरला, हलू दिला नाही.

“बाई, मी नाही केली,” प्रांजल हुंदके देत म्हणाली. “आपोआप झाली. आईशपथ, आपोआप झाली.”

ईश्वरीनं हे ऐकलं. तिनं प्रांजलचा हात धरला होता. तो तिनं रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी घरी ती पहिल्यांदा बोलली. दारातच उभी राहून बोलली.

“तू तेव्हाच बोलली असतीस ना, तर ती फीत कुणी चढवली नसती. चिटणीसकाका कशाला चढवतील पडलेल्या बाईची फीत?”

वैजयंतानं तिच्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“तुझ्यामुळं गेला तिचा गुडघा,” ईश्वरी म्हणाली. “आणि करमाळ्याचीचा. आणि बार्शीचीचा. त्या पुण्यातल्या यंत्राला काय अक्कल आहे? तुला तर होती.”

आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

*

कंपनीनं या प्रकाराची गंभीर दखल घेतली. प्रांजलला लवकर बरं वाटावं म्हणून रानवीजची सही असलेलं चित्र पाठवण्यात आलं. गिरकी शिकण्याआधी ‘मी जबाबदार आहे’ असं तीन वेळा म्हणायची सोय करण्यात आली. आणि महिन्याभरात खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात एक नवं पात्र होतं. खांबापाशी एक लंगडी म्हातारी उभी असायची. रानवीज जवळ आली की ती हात उंचावून ओरडायची, “टाळ्या काय वाजवताय, गाढवांनो! पट्टे काढा!” लोकांना ती फार आवडली. घाई असेल तर डावीकडचं बटण दाबून तिला ओलांडता येत असे.

वैजयंतानं ते पाहिलं. तिनं कंपनीला पत्र लिहिलं, ग्राहक मंचात अर्ज केला, डॉक्टरांकडून तीन पोरींचे अहवाल गोळा केले, आणि मंडळाच्या भिंतीला स्वतः चुना लावला. खरात मध्ये पडायला आले तेव्हा तिनं त्यांच्या हातात दुसरा ब्रश दिला. तिचा आवाज इतका चढलेला होता, की त्यांनी चार हात मारलेही.

चुना लावून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी मैदानावर आली. महिनाभर ती खेळली नव्हती, टीव्हीवरही नाही.

“डॉक्टर म्हणाले, अंग शिकलेलं विसरत नाही,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “त्याच्यावर दुसरं काहीतरी शिकवावं लागतं.”

“मला पण तेच म्हणाले.”

“काय शिकवायचं पण?”

“थांबायचं.”

वैजयंता लंगडत गेली आणि खांबाच्या अलीकडं, बरोबर जिथं गिरकी कोसळते तिथं, पाय रोवून उभी राहिली.

“ये पळत.”

“वेड लागलंय का तुला? आपोआप होतं ते. तुझ्या अंगावर पडेन मी!”

“मग नको पडू.”

“तुला लागेल, मावशीआजी!”

“लागू दे. पळ.”

ईश्वरी पळाली. गुडघा वळला आणि दोघी मातीत गेल्या. वैजयंता उठली, पदर झटकला, पुण्याच्या दिशेनं तोंड करून चार शब्द म्हणाली आणि पुन्हा जागेवर उभी राहिली. दुसऱ्या वेळी कोपर सोललं. तिसऱ्या वेळी ईश्वरी रडत पळाली आणि तिचं अंग शेवटच्या क्षणी डावीकडं झुकलं. ती एकटीच पडली. ती उठून काही बोलणार तेवढ्यात वैजयंता ओरडली, “परत!” पाचव्या वेळी दोघी पुन्हा मातीत.

सातव्या वेळी ईश्वरी धावत आली. गुडघा थरथरला. मांडीच्या मागं काहीतरी आवळलं गेलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, आणि ती म्हातारीपासून वीतभर अंतरावर थांबली. दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू येत होता.

“थांबले,” ईश्वरी म्हणाली.

“दिसलं मला.”

“आता?”

“त्यांनी तुझ्याकडून गिरकी किती वेळा करून घेतली?”

ईश्वरीला आकडा पाठ होता. खेळात तो कोपऱ्यात दिसायचा. “अकरा हजार चारशे.”

“मग पळ,” वैजयंता म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाय रोवले.